यशाचा हात

नांदूरघाट,
ता. १९ नोव्हेंबर १९७२

राधाकिशनराव व्याही यांना आप्पारावाचा रामराम.

पत्रात आधी खुशाली लिहायची असते. काय लिहू? माणसं आहेत, बैल अजून उभे आहेत, एवढी खुशाली समजून घ्या. आडात बादली सोडली की दगडाचा आवाज येतो. रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीची भाकरी थापताना तुटते, तुमची विमल पाणी लावून लावून ती सांधते. तुमची लेक म्हणून सांगत नाही, पण सूनबाईचं तोंड कधी वाकडं दिसलं नाही. माझा बंकट दुष्काळी कामावर खडी फोडायला जातो. मी निजामाच्या राज्यात तिसरी शिकलेला माणूस, लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या.

लिहायचं कारण आपला नातू उत्तरेश्वर. सोसायटीने जनावरांसाठी कडबा मागवलाय. ट्रक येतो, तो अर्ध्या गावालाच पुरतो. पहिल्या ट्रकला काठ्या निघाल्या. म्हणून सेक्रेटरी गहिनीनाथाने तोड काढली. ज्याच्या दारी जनावर आहे त्याच्या नावाची चिठ्ठी करायची, सगळ्या चिठ्ठ्या मारुतीच्या देवळातल्या तांब्याच्या चंबूत टाकायच्या आणि लेकराच्या हाताने काढायच्या. ज्यांची निघेल त्यांना कडबा, बाकीच्यांनी पुढच्या ट्रकची वाट बघायची, तेव्हा पुन्हा सगळ्यांच्याच चिठ्ठ्या टाकायच्या. चंबूचं तोंड अरुंद, मोठ्या माणसाचा हात आत जात नाही, त्यामुळे लबाडीची भीती नाही. आपला उत्तरेश्वर पुढेच उभा होता. नऊ वर्षांचं पोर, हात काडीसारखा. गहिनीनाथाने त्यालाच पारावर उचलून घेतलं.

तिसरी चिठ्ठी आपली निघाली. लोक ओरडले, "पोराच्या हाताला यश हाय!" ज्यांना कडबा मिळाला त्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, गूळ दिला. या दिवसांत गूळ! पोरगं आनंदाने लाल झालं होतं.

मला मात्र आनंद नीट होत नाही, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांची चिठ्ठी निघाली नाही, त्यांनीही पोराकडे बघितलं. मी त्याला घरी आणून तळहाताला काजळाची तीट लावली. सगळे गालाला लावतात, मी हाताला लावली. बरोबर केलं का, ते विहीणबाई जानकीबाईंना विचारून कळवा.

आपला,
आप्पाराव


उमापूर,
ता. ६ डिसेंबर १९७२

आप्पाराव व्याहीबुवा, रामराम.

पत्र जानकीबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीट हाताला लावा न्हाईतर पायाला, मिलोची भाकरी खाणाऱ्याला कोण दृष्ट लावतंय?" तेव्हा काळजी सोडा. तुम्ही तर लग्नाच्या मांडवातही आभाळाकडे बघत बसला होतात, पाऊस येईल म्हणून. मे महिना होता.

एक मात्र स्पष्ट करून ठेवतो. तो हात आमच्याकडचा. तुमच्या घराण्यातला हात ताटाशिवाय कुठे जाताना मी बघितला नाही. रागावू नका, व्याह्याला एवढा हक्क असतो. नातवासाठी चांदीचं कडं करून घेतलंय, यष्टीच्या कंडक्टरबरोबर पाठवतोय. त्याच उजव्या हातात घाला आणि सांगा, नानाने यशाच्या हाताला बक्षीस दिलंय.

आता जरा दुसरं. आमच्या गावचा एक जण तुमच्याकडे खडी केंद्रावर गेलता. तो सांगत होता, जावईबापू दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली पत्ते कुटत बसतात आणि पोरगं मांडीला मांडी लावून शेजारी. पैशांचे पत्ते म्हणे. लोकांना बोलायला काही तरी लागतं, हे मलाही कळतं. पण लेक तिथे दिलीय, म्हणून विचारलं. तुम्ही काही झाकत तर नाही ना?

राधाकिशन


नांदूरघाट,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

राधाकिशनराव यांना रामराम.

कडं पोचलं. जरा सैल होतं, विमलने आतून दोरा गुंडाळला. पोरगं ते झोपतानाही काढत नाही.

बंकटचं म्हणाल तर तसं काही नाही. ऊन असतं, मुकादम हजेरी घेऊन निघून जातो, माणसं चार पानं फिरवतात. वेळ जात नाही हो. शाळेच्या गुरुजींना दुष्काळी कामाच्या हजेरीवर लावलंय, शाळा असून नसल्यासारखी, म्हणून पोरगं बापाबरोबर जातं. तिथे सुकडी मिळते, पोट भरतं. पानं वाटायच्या आधी सगळे त्याच्या हाताला पानं लावून घेतात, एवढंच. गंमत.

पण दुसरी एक गोष्ट झाली, ती सांगतो. आमच्या शेजारी कडूबाई राहते. विधवा बाई, एक काळी गाय हाच तिचा सगळा संसार. ट्रक आले, ट्रक गेले, तिची चिठ्ठी एकदाही निघाली नाही. लोकांनी थोडं थोडं दिलं, मीही दिलं, पण आपल्या जनावराच्या तोंडातलं काढून कोण किती देणार? परवा तिची गाय बसली ती उठलीच नाही. कडूबाई रडली नाही. आमच्या दारात आली, उत्तरेश्वरचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बघत राहिली. मग गेली.

पोराला ताप भरला. तापात मला म्हणतो, "आबा, तिची चिठ्ठी माझ्या हाताला कावून येत न्हाई? माझ्या हातानं गाय मेली." त्याला जवळ घेतलं आणि म्हणालो, "लेकरा, तुझा हात यशाचा हाय. पुढच्या बारीला येईल. पुढच्या बारीला नक्की येईल बघ." तेव्हा कुठे त्याचा डोळा लागला.

आता दारी जनावर नाही म्हणून गहिनीनाथाने कडूबाईचं नाव चिठ्ठ्यांतून काढलंय. ते मी पोराला सांगितलेलं नाही. दर ट्रकला तो चंबूत हात घालतो आणि चाचपत राहतो, चाचपत राहतो. लोक म्हणतात, "काढ की बे लवकर." तो काय शोधतोय ते मला एकट्याला ठाऊक असतं. शोधू दे, निदान आशा तरी राहील. पाऊस पडला की विसरेल.

बरोबर आहे ना? तुम्ही जग बघितलेले आहात, म्हणून विचारतो.

आप्पाराव


उमापूर,
ता. २७ फेब्रुवारी १९७३

व्याहीबुवा,

बरोबरच केलंत. लेकराला खरं सांगून काय मिळणार होतं? या वयातलं काही ध्यानात राहत नाही. माझ्या नवव्या वर्षातलं मला काही आठवत नाही, बापाने मारलेलं तेवढं आठवतं.

विमलने कळवलंय की पुढच्या साली दोघं नवराबायको उसाच्या टोळीबरोबर जाणार. सहा-सहा महिने कारखान्यावर राहायचं म्हणजे पोरगं पाचटात वाढणार का? प्राथमिक शाळा तिथेच होऊ द्या, हायस्कूलला मात्र त्याला माझ्याकडे ठेवा. आमच्या घरात माणसं कमी आणि खोल्या जास्त आहेत. विचार करा. अर्थात विचार करायला तुम्हाला कोणी सांगावं लागत नाही.

राधाकिशन


उमापूर,
ता. १४ ऑगस्ट १९७९

आप्पाराव व्याहीबुवा, रामराम.

उत्तरेश्वर आमच्याकडे हायस्कूलला आला त्याला आता तीन वर्षं झाली. विमल आणि बंकट कारखान्यावरून आले की चार दिवस त्याला भेटून जातात, बाकी पोरगं आमचंच झालंय. तुम्ही दर पत्रात तब्येत आणि अभ्यास विचारता. तब्येत उत्तम, मिशी फुटलीय. अभ्यासाचं गुरुजींना ठाऊक.

आज एक गंमत लिहितो. इथे स्टँडवर पानटपरी आहे, तिथे मटक्याचा आकडा घेतात. आता कुठल्या गावात घेत नाहीत? मागच्या आठवड्यात आपल्या पठ्ठ्याने जन्मात पहिल्यांदा आकडा लावला, आणि लागला की हो! पैसे हातात पडताच सरळ दुकानात गेला आणि आजीसाठी हिरवं लुगडं घेऊन आला. जानकीबाई आधी त्याच्यावर ओरडली, मग नेसली. म्हणाली, "माझ्या पोटच्या पोरांनी एवढं केलं न्हाई." आम्ही लई हसलो. आता टपरीवरची माणसं त्यालाच विचारतात, "उत्तर, आज काय?" चहा पिताना मीही विचारतो. मग तो डोळे मिटतो, उजवा हात पुढे असा धरतो, जसा काही कशात तरी घातलाय, आणि बोटं हलवून आकडा सांगतो. एक-दोनदा खरंच निघाला.

तुम्ही घाबराल म्हणून आधीच लिहितो, घाबरू नका. पोरगं हसतंखेळतं आहे.

राधाकिशन


नांदूरघाट,
ता. २ सप्टेंबर १९७९

राधाकिशनराव,

पत्र वाचलं आणि ताट बाजूला सारलं. मी भित्रा आहे, तुम्ही हसाल, हसा. पण हात कशात तरी घातल्यासारखा धरतो असं तुम्हीच लिहिता, तो कशात घातलेला असतो हे तुमच्या ध्यानात आलं नाही का?

बंकट वेळ घालवायला पत्ते खेळतो असं मी मागे लिहिलं होतं. तसं नव्हतं. खडीचा पगार घरी पोचायचा तो निम्मा. विमलने तुम्हाला कळवलं नाही, कारण मीच तिला कळवू दिलं नाही. घरची अब्रू बघितली. टोळीतही त्याचं तेच चालू आहे. बाप हरून आला की आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नसे, आणि जिंकून आला की भजी तळली जायची, शेजारच्या लेकरांनाही बोलावलं जायचं. पोराला त्यातली भजी आठवत असणार.

एक विचारतो. लावायला त्याने पहिले पैसे कुठून आणले? आणि हातात कडं आहे का? सहज मनात आलं.

लुगडं आता परत घेणार नाहीत. पण जानकीबाईंना सांगा, त्याच्यासमोर ते नेसू नका. आणि पोराला माझ्याकडे पाठवून द्या.

आप्पाराव


उमापूर,
ता. ९ जानेवारी १९८०

व्याहीबुवा,

उशीर झाला, कामं होती. पोराची मॅट्रिकची परीक्षा जवळ आलीय, आत्ता पाठवत नाही. कडं हाताला घट्ट व्हायला लागलं म्हणून काढून ठेवलंय, जानकीबाईच्या पेटीत आहे. मी त्याला कडक शब्दांत बोललोय. कान धरून म्हणाला, "नाना, सोडलं." पोरं आहेत, नोकरी लागली की ही थेरं आपोआप सुटतात. तुम्ही फार विचार करता.

राधाकिशन


नांदूरघाट,
ता. १० जून १९८५

राधाकिशनराव यांना आप्पारावाचा रामराम.

आज खुशाली लिहितो, आणि खरी लिहितो. मॅट्रिक नापास होऊन पोरगं इकडे परत आलं, त्यानंतरची वर्षं कशी गेली ते तुम्हाला कळवायची माझी हिंमत होत नव्हती. कधी केजला, कधी पाटोद्याला, कधी आठ-आठ दिवस पत्ता नाही. आला की झोपून राहायचा. विचारलं की अंगावर यायचा, आणि मग स्वतःच रडायचा.

पण आता गहिनीनाथाने कृपा केली. गावात दूध संस्था निघालीय, तो तिचा चेअरमन आहे. त्याने उत्तरेश्वरला दूध मोजायला आणि फॅट काढायला ठेवलं. रोज पहाटे अंघोळ करून, केस विंचरून जातो. सहा महिने झाले, एक दिवस खाडा नाही. गेल्या महिन्यापासून दुधाचा पगार बँकेतून आणून वाटायचं कामही त्याच्याकडे दिलंय. लोक त्याला साहेब म्हणतात, तो लाजतो.

कडूबाईलाही संस्थेने गाय मिळवून दिली. बरीच वर्षं तिचा गोठा रिकामा होता. आपला पोरगा तिच्या दुधाला फॅट जरा जास्त लिहितो, म्हणजे तिला भाव जास्त मिळतो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बोललो नाही. जुनी गोष्ट त्याने मनात ठेवलीय म्हणायची. मनाचा चांगला आहे.

दुधाची गाडी निघून जाते तेव्हा तो तिच्या पाठीमागच्या नंबराच्या पाटीकडे बघत उभा राहतो, ओठ हलतात. मी विचारलं, "काय रे?" तर म्हणाला, "काय न्हाई आबा." तेवढं एक सोडलं तर सगळं चांगलं आहे. मला उगीच काही तरी बघायची सवय आहे.

आप्पाराव


नांदूरघाट,
ता. ८ नोव्हेंबर १९८६

राधाकिशनराव,

उत्तरेश्वर तुमच्याकडे आलाय का? खरं लिहा.

दिवाळीच्या आधी तो दुधाचा पगार आणायला बँकेत गेला आणि गावात परत आलाच नाही. तालुक्याच्या आकडेवाल्याने गहिनीनाथाला सांगितलं, "तुमच्या पोरानं समदं एकाच आकड्यावर लावलं. मी न्हाई म्हणत होतो. तो म्हणाला, आज येणार हाय, मला हाताला कळतंय."

आमच्या अंगणात लोक आले. सणाच्या तोंडावर लेकरांना कपडे घ्यायचे होते त्यांना. कोणी शिव्या दिल्या, कोणी नुसतं बसून राहिलं. एक जण म्हणाला, "आप्पा, लहानपणी आमीच त्याला खांद्यावर घेतलतं." मी बैलजोडी विकून टाकली, सगळ्यांचं भागलं. तो विषय संपला, त्याबद्दल तुम्ही काही पाठवू नका.

कडूबाईचेही पैसे त्यात होते. ती आली नाही. आली असती तर मला बरं वाटलं असतं.

विमल यंदा टोळीला गेलेली नाही, चार दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. बंकट टोळीवरच आहे, त्याला कळवलं नाही. कळवून तो काय सांगणार?

आप्पाराव


उमापूर,
ता. २० नोव्हेंबर १९८६

आप्पाराव,

आलता. दोन दिवस राहिला आणि गेला. कुठे गेला ते सांगितलं नाही.

तुम्ही मागे कड्याचं विचारलं होतं. मी पेटीत आहे म्हणून लिहिलं, पण पेटीत काही नव्हतं. पहिला आकडा त्याने कडं मोडून लावला होता. मला त्याच वेळी कळलं होतं. लागला, लुगडं आलं, घरात सगळी आनंदात होती, मला वाटलं जाऊ दे, कडं त्याचंच होतं. नंतर दर वेळी मी जाऊन टपरीवाल्याचं भागवून येत होतो. दर वेळी पोरगं पाया पडून म्हणायचं, "नाना, ही शेवटची." मला वाटायचं, आता मोकळा झाला, आता सुटेल. मोकळा झाला की तो पुन्हा लावायचा. नाना आहे हे त्याला माहीत होतं. तुमच्याकडे असतानाही पाटोद्याहून मला निरोप यायचा. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही झुरला असता, म्हणून कळवलं नाही.

जाताना मी चिडून विचारलं, "किती पाहिजेत तुला एकदाचे? सांग, देऊन टाकतो." त्यावर म्हणाला, "नाना, मला पैशाचं काय न्हाई. माझ्या हातानं एकदा बरोबर निघालं पाहिजे." मला याचा अर्थ लागला नाही. तुम्हाला लागला तर लिहा.

जानकीबाई आजारी नाही, पण उठत नाही.

राधाकिशन


नांदूरघाट,
ता. १५ मार्च १९८७

राधाकिशनराव,

अर्थ मला लागला होता. लिहायला हात धजत नव्हता. आता लिहितो.

यंदा पुन्हा तसंच साल आलंय. आड कोरडा आहे. संस्थेने कडबा मागवला आणि काल ट्रक आला, पुन्हा अर्ध्या गावाला पुरेल एवढाच. गहिनीनाथ आता थकलाय, पण देवळातून त्याने तोच चंबू आणवला, चिंच लावून घासून घेतला. कोणाची तरी चार वर्षांची नात झबलं घालून पारावर उभी केली. लोक हसत होते, "बघू पोरीचा हात कसा हाय!" ती पोरगी आपला हात सगळ्यांना वर करून दाखवत होती.

व्याहीबुवा, मी चारचौघांत कधी बोललेला माणूस नाही. पण मी काठी टेकत गेलो आणि म्हणालो, "हिला खाली उतरवा. चिठ्ठ्या नकोत. पेंढ्या सोडा आणि दारोदार सारखा वाटा करा."

गहिनीनाथ म्हणाला, "आप्पा, मुठीमुठीनं जनावर जगतं का?"

मी म्हणालो, "न जगू दे. पण मेलं तर लेकराच्या हातानं मेलं असं व्हायला नको."

मागून एक जण ओरडला, "नातवानं आमचा पगार खाल्ला, आता आजा शहाणपण शिकवतो व्हय?" त्याचं काही चुकलं नाही. मी काठी टेकून तिथेच उभा राहिलो. तेवढ्यात कडूबाई गर्दीतून पुढे आली. खाली बसली आणि पहिल्या पेंढीचा बंध सोडायला लागली. मग आणखी बायका बसल्या. गहिनीनाथ बघत राहिला, शेवटी तोही बसला.

वाटप चालू असतानाच उत्तरेश्वर आला. दाढी वाढलेली, पायात काही नाही. ट्रक आल्याचं कुठे तरी ऐकून आला असणार. त्याला कोणी मारलं नाही. मारावं असं त्याच्यात काही उरलं नव्हतं. तो कोणाकडे न बघता पारावर चढला, चंबू मांडीवर घेतला आणि आत हात घालायला लागला. हात बोटांच्या गाठींशी अडकला. तो दाबत राहिला, कातडं सोललं, रक्त आलं. मी म्हणालो, "उत्तर, सोड ते." तर माझ्याकडे बघून लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "आबा, चिठ्ठ्या टाका की आत. एकदाच. आज कडूबाईची येणार हाय. तुमीच म्हणालता ना, पुढच्या बारीला नक्की येईल?"

कडूबाई उठून त्याच्यापुढे जाऊन बसली. म्हणाली, "बाळा, माझी चिठ्ठी त्यात नव्हतीच रे. गाय मेली तवाच माझं नाव काढलतं. तू रिकामंच चाचपत होतास."

त्याने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याबद्दल मी काही लिहू शकत नाही.

कडूबाईने त्याच्या हातातून चंबू हळूहळू सोडवला. तिच्या वाट्याचा कडबा त्याच्या काखेत दिला आणि म्हणाली, "माझ्या गोठ्यात नेऊन टाक." त्याने नेला. गाईपुढे टाकला आणि ती खाईपर्यंत तिथेच उभा राहिला. मी मागून गेलो तोवर तो रस्त्याला लागला होता. माझ्या पायांत धावायचं बळ नाही. हाका मारल्या.

तो तुमच्याकडेच येईल. पैसे देऊ नका. जेवायला द्या. कुठे होतास विचारू नका. आणि चहा पिताना, हसूनसुद्धा, "आज काय" असं त्याला विचारू नका, माझी शपथ आहे.

आप्पाराव


उमापूर,
ता. २ एप्रिल १९८७

व्याहीबुवा,

आला आहे. जेवला, झोपला, उठून पुन्हा जेवला. बोलत नाही. जानकीबाई उठून कामाला लागलीय, हिरवं लुगडं तिने पेटीच्या तळाशी घातलं. टपरीवाल्याला मी जाऊन सांगितलंय की आता माझ्याकडून काही मिळणार नाही. त्याला ते खरं वाटलेलं दिसलं नाही.

काल दोघं ओट्यावर बसलो होतो. समोरून यष्टी गेली. त्याने मान वळवून तिच्या पाटीवरचा नंबर वाचला आणि ओठ हलायला लागले. मला ओरडावंसं वाटलं, पण ओरडलो नाही. त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला आणि तळवा वर केला. गाठींवरचं सोललेलं अजून भरलेलं नाही, जानकीबाईने हळद लावलीय. मी हात धरून ठेवला. यष्टी दिसेनाशी झाल्यावर थोड्या वेळाने ओठ थांबले.

हात तुमच्या-माझ्यासारखाच आहे हो. मी एवढ्या वर्षांत कधी बघितला नव्हता.

संध्याकाळी परत एक यष्टी असते, आणि सकाळी दुसरी. मी एकटा पुरत नाही. तुम्ही या.

राधाकिशन